इस्त्रीची पॅन्ट

“खड्डा!” मी ओरडले.

मागून काहीच हालचाल झाली नाही. पुढचं चाक खड्ड्यातून गेलं, मागचं गेलं आणि ह्यांचं सगळं वजन धपकन सीटवर आदळलं. एरवी मी ‘ख’ म्हणायचा अवकाश, हे पेडलवर उभे राहिलेले असतात. आज उठले नाहीत. दात आवळून सोडलेला श्वास तेवढा माझ्या पाठीला कळला.

“लागलं का हो?”

“नाही. तू पुढे बघ. दोघांतल्या एकाने तरी बघितलं पाहिजे.”

विनोद केला म्हणजे दुखतंय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं तर मला कळतंच.

आमची सायकल दोघांनी मिळून चालवायची, टँडम. मी पुढच्या सीटवर, हँडल आणि ब्रेक माझ्या हातात. हे मागच्या सीटवर, कारण ह्यांना दिसत नाही. दोघांची पेडलं एकाच चेनने बांधलेली असतात, त्यामुळे ह्यांचे पाय माझ्या पायांना कळतात. घरात चेहरा सरळ ठेवून किंवा हसून काहीही लपवता येतं. इथे नाही लपवता येत. पुलाच्या वळणापासून ह्यांचा डावा पाय एकटाच जोर लावत होता आणि उजवा नुसता फिरत होता. म्हणजे माणूस एका अंगावर कलून बसला होता आणि दुसरं अंग सीटवर टेकू देत नव्हता. खड्डा आला तरी उठत का नव्हते, तेही मला समजलं. सोलवटलेल्या जागेवरून उठणं सोपं असतं, पुन्हा टेकणं महाकठीण. त्यापेक्षा आदळलेलं परवडलं, असा हिशेब असणार.

मागे बऱ्याच अंतरावर इंजिनाची घरघर येत होती. ती आमच्या सायकल क्लबची गाडी. राइडमध्ये ज्याचा दम संपला, ज्याची सायकल मोडली, त्याला गोळा करत ती सगळ्यांच्या मागून येते. क्लबात तिला झाडूगाडी म्हणतात. आम्ही शेवटचे होतो, म्हणून ती आमच्याच मागे लागल्यासारखी येत होती. उतार आला की आवाज दूर जायचा, चढ लागला की पुन्हा जवळ यायचा.

“जवळ आली का गं?” ह्यांनी विचारलं.

“येऊ दे. रस्ता काय आपल्या नावावर आहे?”

हे हसले नाहीत.

रक्तातल्या साखरेने ह्यांची नजर हळूहळू नेली. आधी वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं गेली, मग रस्त्यावरच्या पाट्या, मग माझं तोंड. त्याआधी हे याच क्लबात सगळ्यांच्या पुढे असायचे. पाण्याच्या खात्यात नकाशे काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायकल दामटायचे. नजर गेल्यावर नकाशे सुटले, सायकल सुटली. आता हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहेत. आवाज गोड आहे, नंबर तोंडपाठ असतात, काम उत्तम चाललंय. पण घर ते हॉस्पिटल आणि हॉस्पिटल ते घर एवढंच उरलं होतं. टँडमची कल्पना माझी. महिनोन्‌महिने मी ह्यांच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे हे मागच्या सीटवर बसले. पहिल्या दिवशी उतारावर वारा लागला आणि हे मोठ्याने ओरडले. वाटलं, पडले. वळून बघते तर माणूस तोंड उघडं टाकून हसत होता.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी सायकलला परवानगी दिली, पण बोट नाचवून. “बसायच्या जागी जखम होऊ द्यायची नाही. तुमची जखम हट्टी असणार. तिथे चिघळली तर मी हात लावणार नाही, सरळ सर्जनकडे पाठवेन.” हे मान डोलवत राहिले. घरी आल्यावर मला म्हणाले, “माझंही ऐकून ठेव. अर्ध्या रस्त्यातून गाडीत घालून आणलेला माणूस मला व्हायचं नाही. तशी वेळ आली तर दुसऱ्या दिवशी सायकल विकून टाक.”

या दोन वाक्यांच्या मध्ये मी सकाळपासून पेडल मारत होते.

खरं भांडण कपड्यांवरून होतं. मी ड्रायक्लीनरच्या दुकानात कपडे घट्ट-सैल करून शिवण्याचं काम करते. दिवसभर माझ्या हातात लोकांच्या पॅन्ट असतात. साध्या पॅन्टच्या चार शिवणी जिथे येऊन मिळतात, नेमका तिथेच सायकलीवर माणूस बसतो. खुर्चीत बसलं तर ती गाठ जाणवत नाही. सायकलीवर तासन्‌तास पाय वरखाली व्हायला लागले की तीच गाठ कानस होते. वर सुती कापड घाम पितं आणि ओलं राहतं, कातडी मऊ पडते, मग घासायला वेळ लागत नाही. म्हणून सायकलवाल्यांची ती चड्डी तशी असते. अंगाला घट्ट, म्हणजे चुणी पडत नाही. मांडीवर लांब, म्हणजे मांडी सीटला घासत नाही. आत गादी, आणि गादीच्या मधोमध शिवण नाही. वरचा शर्टही मागून लांब, कारण माणूस वाकला की कंबर उघडी पडते. दिसायला सगळं केविलवाणं आहे, हे मलाही मान्य आहे. घातली की भलाभला माणूस बदकासारखा दिसतो.

पहिल्यांदा मी ती ह्यांच्या हातात दिली तेव्हा ह्यांनी ती बोटांनी नीट तपासली. गादी दाबून बघितली.

“हे काय आहे? तान्ह्या बाळाचं दुपटं?”

“चड्डी आहे. सगळे हीच घालतात.”

“मी आधी कधी घातली होती?”

“आधी तुम्ही दोन तासांत घरी यायचात. आता दिवसभर बसायचंय.”

“लोक बघतील.”

“बघू देत की. तुम्हाला कुठे दिसणार आहेत?”

ह्यांनी चड्डीची घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवली. मग अगदी शांतपणे म्हणाले, “म्हणूनच. तुझ्याकडे कोणी टक लावून बघितलं तर तू उलट बघतेस आणि तो नजर खाली घालतो. माझ्याकडे कोण बघतंय, कुठे बघतंय, मला काय कळतं? म्हणून मी एवढंच बघतो की बघण्यासारखं काही राहू नये.”

हे रोज सकाळी स्वतः पॅन्टला इस्त्री करतात. नखाने घडी शोधतात, डाव्या हाताने ताणतात, उजव्या हाताने इस्त्री फिरवतात. मी स्वयंपाकघरातून जीव मुठीत धरून बघते आणि एक शब्द बोलत नाही. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांच्या पॅन्टला नसेल अशी धार ह्यांच्या पॅन्टला असते.

शेवटी तह झाला. आत गादीची चड्डी, वरून इस्त्रीची बदामी पॅन्ट. मला तो तह पसंत नव्हता, पण काहीच नसण्यापेक्षा बरा, असं म्हणून मी गप्प बसले. आज सकाळी हे अशा थाटात मागच्या सीटवर बसले की जणू कुणाच्या लग्नाला चाललेत.

चढ सुरू झाला. पंपघर चढाच्या मध्यावर होतं, तिथे सगळे थांबणार होते. इंजिनाची घरघर आता अगदी जवळ आली.

“थोडं थांबायचं का?” मी विचारलं.

“नाही.”

“पाणी तरी प्या.”

“तू पेडल मार. मला चढावर थांबलेलं चालत नाही.”

ह्यांचा डावा पाय थरथरत होता. तो थरथराट चेनमधून माझ्या टाचेपर्यंत येत होता. मला रडू यायला लागलं आणि रागही. वाटलं, ब्रेक दाबावा, सायकल टाकावी आणि या माणसाला चांगलं फैलावर घ्यावं. पण चढावर श्वासच एवढा लागतो की भांडायला उरत नाही. पंपघराचं पत्र्याचं छप्पर दिसलं तेव्हा मी “आलं, आलं” एवढंच म्हणू शकले.

अंगणात सगळे जमले होते. सायकली कुंपणाला ओळीने टेकवलेल्या होत्या. मास्तर, म्हणजे आमच्या क्लबचे प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापक, टाळ्या वाजवत पुढे आले. “या, या! आमचे जुने आघाडीवीर आले!” ह्यांनी पाय काढून खाली टेकवला, शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला. कोणीतरी ह्यांच्या हातात चहाचा कप दिला. मी सायकल टेकवायला वळले.

परत आले तेव्हा अंगणातली बडबड थांबली होती.

ह्यांच्या बदामी पॅन्टवर मागच्या बाजूला, बसायच्या जागेपासून मांडीच्या आतपर्यंत, तळहाताएवढा लाल डाग होता. घामाने पातळ होऊन पसरलेला. हे सगळ्यांच्या मधोमध ताठ उभे होते, कप हातात धरून, आणि हॉस्पिटलातला एक किस्सा रंगवून सांगत होते. कोणाच्या तरी म्हाताऱ्या काकांनी फोन करून औषधाऐवजी जेवणाची ऑर्डर दिली होती, असं काहीतरी. नेहमी या किश्शाला लोक पोट धरून हसतात. आज दोघंतिघं हसले, तेही उशिरा. बाकी सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. कोणी बुटाची नाडी बांधत होतं, कोणी आकाशाकडे बघत होतं.

“मास्तर गेले का?” हे म्हणाले. “एवढं शांत का झालं?”

“इथेच आहे,” मास्तर खाकरले. “वारा... वारा बदललाय बहुतेक.”

आमच्या क्लबात एक नर्स आहे, तिला सगळे सिस्टर म्हणतात. ती माझ्याजवळ आली आणि स्वतःचं विंडचीटर माझ्या हातात कोंबलं. डोळ्यांनी सांगितलं, बांध कमरेला. सोपं होतं ते. “गार वारा सुटलाय, हे बांधा” म्हटलं असतं तर ह्यांनी बांधून घेतलं असतं. ह्यांना कधीच कळलं नसतं. बाकीचेही सुटले असते.

माझा इतका संताप झाला की कोणावर झाला तेच कळेना. एवढी माणसं उभी आहेत, सगळ्यांना डोळे आहेत, आणि एकाच्याही तोंडाला शब्द नाही. आता मीही त्यांच्यातलीच एक होऊ?

मी ह्यांच्या कोपराला धरलं. “अहो, तुमच्या पॅन्टला रक्त लागलंय. मागे.”

कप ओठापाशी थांबला.

“किती?”

“तळहाताएवढं. आत मांडीपर्यंत.”

“सगळ्यांना दिसतंय?”

“हो.”

“कधीपासून?”

“आपण उतरल्यापासून.”

“आणि मी इथे किस्से सांगतोय,” हे म्हणाले. ह्यांनी कप पुढे धरला, कोणीतरी तो घेतला. ह्यांचे कान लाल झाले होते. “आत कुठे जागा आहे का?”

पंपाची मोटर होती त्या खोलीत आम्ही गेलो. ग्रीसचा वास, कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल. मी दार लावलं. सिस्टरने दाराच्या फटीतून मलम, पट्टी आणि कात्री दिली आणि ती बाहेरच उभी राहिली. ह्यांनी पॅन्ट उतरवली. मी गादीची चड्डी खाली ओढली आणि बघतच राहिले. आत आणखी एक चड्डी होती. रोजची, सुती, जाड इलॅस्टिकची.

“हे काय घातलंय आत?”

“चड्डी.”

“चड्डीच्या आत चड्डी?”

“मग काय तसाच येऊ? आतली चड्डी न घालता मी जन्मात घराबाहेर पडलेलो नाही.”

“अहो देवा! ही नुसत्या अंगावर घालायची असते. आत काहीच नाही. गादी अंगाला लागायला हवी, म्हणून तर ती गादी! तुम्ही मध्ये सगळ्या शिवणी कोंबल्यात, तिथेच तर...” इलॅस्टिकची कड कातडीत रुतून बसली होती. मी कात्रीने ती कापली आणि हळूहळू सोडवली. ह्यांनी स्टूल एवढं घट्ट धरलं की ते जमिनीवर करकरलं. खाली नाण्याएवढी जागा पार सोलून निघाली होती, कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

“मला विचारलं का नाहीत?”

“काय विचारू? बायकोला विचारू की आत चड्डी घालू की नको? आणि क्लबात एवढ्या बायका.”

दुसरी वेळ असती तर मी हसून हसून खाली बसले असते. आता आधी जखम पुसून घेतली. मी मलम लावलं, पट्टी बसवली.

“बांधलीस ना? चल, निघू,” हे म्हणाले. “वरपर्यंतच आहे. मग उतारच उतार.”

“नाही.”

“पट्टी आहे की.”

“पट्टी पहिल्या वळणावर निघेल. मी चालवणार नाही.”

“मग सायकल विक.”

“विकणार नाही आणि आज चालवणारही नाही. काय करायचं ते करा.” माझा आवाज चिरकला. बाहेर नक्की ऐकू गेला असेल. “पुलापासून तुमचा उजवा पाय नुसता फिरतोय. मला काय कळत नाही? एका पायाने चढ चढून आलात तुम्ही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी विसरू? डोळे गेले ते गेले, आता अजून काय काय घालवायचंय?”

मोटर बंद होती, तरी पाइपात कुठेतरी पाणी टपटपत होतं. मला वाटलं, संपलं. उद्या हे सायकलीचं नावही काढणार नाहीत, परवा घरातून बाहेर पडणार नाहीत. ह्यांना मी ओळखते. माणूस रुसत नाही, नुसता मिटतो.

“तुझंही मला कळतं,” हे अखेर म्हणाले.

“काय?”

“पाय. पुलापासून तूही नीट मारत नाहीयेस. एक फेरा मारतेस, अर्धा सोडतेस. ब्रेकवर हात ठेवून चालवतेयस. चढावर कोणी ब्रेकवर हात ठेवतं का?” हे स्टूल सोडून सावकाश ताठ झाले. “भीत भीत चालवणाऱ्या माणसाच्या मागे बसायचं म्हणजे... नको. ती गाडी आली का?”

“आली. बाहेर उभी आहे.”

“मग जाऊ. जखम भरू दे. सायकल आत ठेव, बाहेर पावसाबिवसात ठेवू नकोस.”

मला काय झालं काय माहीत, मी ह्यांच्या खांद्याला कपाळ टेकलं. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. आवाजावरून ह्यांना कळलं होतं की दाराबाहेर सिस्टर आहे.

मी गादीची चड्डी पट्टीवरून जपून वर चढवली. आता आत काही नव्हतं. बदामी पॅन्टची घडी करून बगलेत मारली आणि विंडचीटर ह्यांच्या कमरेला बांधायला घेतलं.

ह्यांनी माझा हात बाजूला केला. “नको.”

“अहो, बाहेर सगळे आहेत.”

“माहीत आहे. ते बांधलं की पुन्हा तेच. कोण काय बघतंय, मला पत्ता नाही. या चड्डीत ते काय बघणार आहेत ते तरी मला माहीत आहे.” ह्यांनी हाताने मागे गादी चाचपली. “फार वाईट दिसतं का?”

“वाईट दिसतं,” मी म्हटलं. “पोट पुढे, गादी मागे आणि पायांच्या काड्या.”

“बरं,” हे म्हणाले आणि दार उघडलं.

मी हात पुढे केला, पण ह्यांनी तो धरला नाही. “तू थांब इथेच. गाडी कोणत्या बाजूला?”

“समोर, फाटकाजवळ. डाव्या हाताला कुंपण आहे, सायकली लावल्यात.”

ह्यांनी डावा हात पुढे केला. पहिल्या सायकलीची सीट हाताला लागली. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक सीटवर बोटं टेकवत, पाय जरा फाकवत, जखमेला जपत हे चालायला लागले. भर उन्हात ती काळी चड्डी चकाकत होती. एका पोराने घाईने आपली सायकल वाटेतून बाजूला घ्यायला हात घातला. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

ओळ संपली. शेवटच्या सीटनंतर ह्यांचा हात पुढे गेला आणि हवेत राहिला. तिथून गाडीपर्यंत मोकळं अंगण होतं. धरायला काही नव्हतं. हे थांबले. माझं पाऊल आपोआप पुढे पडलं आणि मी ते मागे घेतलं. सगळे ह्यांच्याकडे बघत होते. नाडी बांधणारा उभा राहिला होता, आकाशाकडे बघणारी ह्यांच्याकडे बघत होती.

ह्यांनी हात खाली घेतला आणि शर्ट सारखा केला. झाडूगाडीचा ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. त्याने मागचं दार उघडलं आणि गाडीच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केलं, थांबला, पुन्हा केलं. ह्यांनी मान जराशी तिकडे वळवली आणि त्या आवाजाच्या दिशेने सरळ चालत गेले.